भिंतीवरचा अभ्यासक्रम

धर्मापुरीच्या केदारेश्वर मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरींची शिल्पे आहेत. उत्तर चालुक्य काळातले हे मंदिर पाहायला येणारे बहुतेक जण त्यांच्यासमोर उभे राहून फोटो काढतात आणि पुढे जातात. गेल्या वर्षी आमच्या शेजारची एक मुलगी मात्र वही घेऊन तिथे दोन तास बसली होती. 'इंटरमिजिएट ड्रॉइंग'ला तिला 'अ' श्रेणी मिळाली होती, पण प्रवेश घेतला बी.कॉम.ला. चित्रांवर पोट भरत नाही, हे घरच्यांचे म्हणणे. एका मूर्तीच्या हातातल्या बांगड्या रेखाटून झाल्यावर तिने मला विचारले, "काका, एवढ्या कामाचे पैसे कोणी दिले असतील?"

हा प्रश्न कोणत्या विषयाचा? वाणिज्याचा, अर्थशास्त्राचा की चित्रकलेचा? तो तिन्हींचा आहे, आणि म्हणूनच आपल्या पदवीच्या वर्गात तो कुठेच विचारला जात नाही, असे माझे म्हणणे आहे.

ही फाळणी जुनी आहे. मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले आणि त्याच वर्षी जे. जे. कलाशाळाही सुरू झाली. पण दोघांचे रस्ते वेगळे राहिले. विद्यापीठाने पदव्या दिल्या. चित्रकला दीर्घकाळ सरकारी पदविकेच्या वाटेने गेली. व्यापाराचे शिक्षण त्याहून उशिरा, 1913 साली, सिडनहॅम महाविद्यालयाच्या रूपाने आले. डॉ. आंबेडकर 1918 ते 1920 या काळात तिथे अर्थशास्त्र शिकवत होते. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिची वित्तव्यवस्था यांवर त्यांनी कोलंबियात प्रबंध लिहिला होता. म्हणजे कंपनीचा हिशेब आणि देशाचे दारिद्र्य एकत्र वाचण्याची दृष्टी त्या वर्गात उभी होती. पुढे मात्र वाणिज्य शाखेत हिशेब उरला आणि कला शाखेत अर्थशास्त्र. दृश्यकला तर दोघांच्याही कुंपणाबाहेर राहिली.

कलाशिक्षणाने भिंती पाहिल्या नाहीत असे नाही. 1872 ते 1885 या काळात जॉन ग्रिफिथ्स जे. जे.च्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येत होते. मुंबईच्या मुलांनी मराठवाड्यातल्या लेण्यांत बसून चित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांतल्या बऱ्याच पुढे लंडनमधल्या आगीत जळाल्या. ती मुले रेषा आणि रंग शिकली, यात शंका नाही. पण सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा दानलेख आहे. हे लेणे कोणी कोरवून घेतले, हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. चित्र चित्रकाराने पाहायचे आणि लेख इतिहासकाराने वाचायचा, अशी वाटणी आपण करून टाकली. पैशाची बाजू त्यात कोणाच्याच वाट्याला आली नाही.

आपल्याकडे याचे उत्तर दगडावर कोरलेले सापडते. चाळीसगावजवळच्या पाटण येथे शके 1128 चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्याला निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने दान दिले. लेखाचा काही भाग मराठीत आहे आणि त्यात मठाच्या उत्पन्नाची तजवीज आहे : बाजारातल्या व्यवहारावर हक्क, प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल. गणिताची शाळा तेल्याच्या घाण्यावर चालत होती. शिक्षणसंस्थेच्या अर्थकारणावर यापेक्षा चांगला पहिला धडा मला तरी ठाऊक नाही.

मी स्वतः वाणिज्य शाखेचा. तीन वर्षे जमा-नावे शिकलो आणि मग मोंढ्यातल्या एका अडतीवर रोजकीर्द-खतावणी लिहू लागलो. शिलालेख वाचायला चाळिशीनंतर, पुस्तके जमवून शिकलो. तेव्हा एक फरक लक्षात आला. अडतीच्या पट्टीवर हमाली आणि तोलाई वेगळी लिहिलेली असते. दानलेखात दात्याचे नाव असते, कुळ असते, देणगी असते. दगड फोडणाऱ्याची मजुरी क्वचितच असते. त्या मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर लेखांत मिळते, उरलेल्या अर्ध्यासाठी मूर्तीकडेच परत जावे लागते. अपुरी राहिलेली मूर्ती, छिन्नीच्या खुणा, एकाच भिंतीवर दिसणारे दोन हात. इथे चित्र काढता येणाऱ्याचा डोळाच लागतो. हिशेबनिसाला ते दिसत नाही. मला तरी कितीतरी वर्षे दिसले नव्हते.

नव्या शैक्षणिक धोरणाने कुंपण सैल केले आहे, हे मान्य केले पाहिजे. मुख्य विषयाबाहेरच्या शाखेतला खुला वैकल्पिक विषय आता घ्यावाच लागतो. भारतीय ज्ञानप्रणालीचा अभ्यासही आला आहे. पण निवड कागदावर असते आणि वेळापत्रक माणसांवर. ग्रामीण महाविद्यालयात जे प्राध्यापक आहेत, तेच विषय यादीत येतात. आमच्या शेजारच्या मुलीच्या यादीत चित्रकला नव्हती. दुसरी भीती अशी की, ज्ञानप्रणालीच्या नावाखाली आपण मंदिराचे केवळ गुणगान शिकवू. घाण्यावरचे तेल कोणाच्या घरून आले, हे न विचारता केलेला अभिमान हा अभ्यास नव्हे.

प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला 30 तास मोजतात. दोन श्रेयांकांचे 60 तास होतात. एवढ्या वेळात वाणिज्याच्या, अर्थशास्त्राच्या आणि चित्रकलेच्या मुलांनी मिळून एका मंदिराची नोंदवही तयार करावी. मोजमापे घ्यावीत, रेखाटने करावीत, जवळपासचे लेख वाचावेत, आज डागडुजीला काय खर्च येईल याचा अंदाज बांधावा. धर्मापुरीच्या किल्ल्याच्या तटात जुन्या मंदिरांचे कोरीव दगड बसवलेले आहेत, त्यांचीही मोजदाद व्हावी. नव्या इमारतीची गरज नाही. भिंत उभीच आहे.

ती मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. तिची वही माझ्याकडे असते. बांगड्यांच्या रेखाटनाखाली तिने एक कोष्टक आखले आहे : दाता, रक्कम, कारागीर, मजुरी. शेवटचे दोन रकाने अजून कोरे आहेत.