नावडतीचं मीठ आणि नावडतं फूल



नाशिकमध्ये फुलांवर बोलायचं म्हणजे सुरुवात गुलशनाबादपासून करावी लागते. मोगलांच्या काळात या गावाचं नाव गुलशनाबाद होतं, हे इथल्या शाळकरी मुलालाही माहीत असतं. पेशवाईत नाशिक हे नाव परत आलं, पण फुलांचं गाव ही ओळख काही गेली नाही. आजही दिंडोरी तालुक्यातल्या पॉलिहाऊसमधून गुलाब बाहेरगावी जातो, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूच्या ढिगांतून वाट काढत घरी यावं लागतं. आवडत्या फुलांवर बोलणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. आज आपण नावडत्या फुलांवर बोलू.

विषय ठरला तेव्हा आम्ही शेजारीपाजारी, नात्यात, सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत एकच प्रश्न विचारत सुटलो. तुमच्या दारात कोणतं झाड अजिबात नको? उत्तरं भराभर आली. घाणेरी नको, वास येतो. रातराणी नको, साप येतात. केवडा नको, तिथंही साप. रुई नको, चीक येणारं झाड घराजवळ नसावं. निवडुंग नको, काट्यामुळे घरात भांडणं होतात. (हशा) हसू नका, निवडुंग नसलेल्या घरातली भांडणं आम्ही विचारलीच नाहीत.

या उत्तरांकडे जरा टीकाकाराच्या नजरेनं पाहू. एखाद्या पुस्तकाचं परीक्षण लिहिणाऱ्यानं ‘मला आवडलं नाही’ एवढंच लिहिलं तर आपण विचारतो, का आवडलं नाही ते सांगा. झाडाच्या बाबतीत हा प्रश्न कुणी विचारत नाही. म्हणून आम्ही विचारला, आणि असं दिसलं की आपली बहुतेक नावड एक तर नाकातून येते, नाही तर कानातून. वास आला म्हणून, किंवा कुणी सांगितलं म्हणून. साप रातराणीच्या वासाला येत नाही. दाट झुडपाच्या बुडाशी बेडूक, उंदीर असतात, लपायला जागा असते, म्हणून तो येतो. तसं झुडूप मोगऱ्याचं असलं तरी येईल. पण मोगऱ्याबद्दल असं कुणी म्हणत नाही, कारण मोगरा आवडता आहे. आपल्याकडे म्हण आहेच, नावडतीचं मीठ अळणी.

आता नाकाची गोष्ट. सप्तपर्णी, म्हणजे आपली सातवीण. एका पेरावर साधारण सात पानांचं चक्र असतं म्हणून हे नाव. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हिरवट पांढऱ्या फुलांचे गुच्छ येतात आणि अंधार पडला की वास सुटतो. कुणाला तो गोड लागतो, कुणाचं डोकं धरतं. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांची तक्रार आपण खोटी म्हणणार नाही. पण हे झाड इथलं आहे, सह्याद्रीतलं आहे. त्याच्या शास्त्रीय नावात ‘स्कॉलॅरिस’ असा शब्द आहे, कारण त्याच्या हलक्या लाकडाच्या पाट्या शाळेतली मुलं वापरत. शांतिनिकेतनात विश्वभारतीच्या दीक्षान्त समारंभात पदवीधरांना याच झाडाची पानं देत असत. पश्चिम बंगालचा हा राज्यवृक्ष आहे. आणि आपण? आपण त्याला सैतानाचं झाड म्हणून मोकळे झालो.

मग शहरात एवढ्या सातविणी लावल्या कुणी? झाड बारा महिने हिरवं राहतं, भराभर वाढतं, चीक कडू असल्यामुळे गुरं तोंड लावत नाहीत. रस्त्याकडेला लावणाऱ्याला आणखी काय हवं? मग एकाच रस्त्यावर चाळीस-चाळीस झाडं ओळीनं लागली. रानात एखादी सातवीण असते, वारा वाहता असतो, तिथं तो वास वाटेवरची खूण होतो. दोन इमारतींच्या मधल्या बोळात तोच वास कोंडतो. दोष लावणाऱ्याच्या आखणीचा, शिवी मात्र झाडाला.

आम्ही राहतो त्या सोसायटीत अशी दोन झाडं होती. बैठक झाली, हात वर झाले, एका रविवारी सकाळी करवत चालली. महाराष्ट्रात 1975 पासून नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हे त्या बैठकीत कुणीच बोललं नाही. आम्हीही नाही. दम्याचा त्रास असलेल्या एका आजींसाठी फुलोऱ्याआधी छाटणी करता आली असती. तेही कुणाला सुचलं नाही. पुढच्या एप्रिलमध्ये दुपारी गाड्या तापायला लागल्या तेव्हा सगळ्यांनी सावली शोधली. ती नव्हती.

आता दुसरं नाव, घाणेरी. काही भागात तिला टणटणी म्हणतात. पानं चुरगाळली की उग्र दर्प येतो, म्हणून घाणेरी. मराठी माणूस नाव ठेवताना फार आढेवेढे घेत नाही. पण ही बाई इथली नाही. मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणली, शोभेसाठी. एकाच गुच्छात पिवळी, केशरी, गुलाबी फुलं, वर फुलपाखरं. कुणालाही मोह पडावा. बंगल्यांच्या कुंपणाला ती लागली. काळी गोड फळं पक्ष्यांनी खाल्ली आणि बिया कुंपणापलीकडे टाकल्या. आज भारतातल्या वाघांच्या जंगलांपैकी सुमारे 40 टक्के क्षेत्रात ती पोचली आहे, असं 2020 सालच्या एका अभ्यासात दिसलं. तिच्या जाळीखाली गवत येत नाही. गवत नाही म्हणजे हरणाला चारा नाही, आणि हरिण नाही तर वाघानं काय खायचं? गुरांनी ही पानं खाल्ली तर त्यांना विषबाधा होते. म्हणजे तिच्यावर राग धरायला भक्कम कारण आहे. आपण मात्र वासावर अडून बसलो. आणि आता रोपवाटिकेत हीच घाणेरी बुटक्या, कमी वासाच्या जातीत ‘लँटाना’ या नावानं मिळते. नाव बदललं, आपण पैसे देऊन घरी आणली. (हशा)

तिसरं उदाहरण आपल्या दारातलं आहे. गोदावरीतली जलपर्णी. निफाडकडची माणसं पाणवेली म्हणतात. पावसाळ्यात पूर आला की या पाणवेली वाहत जाऊन सायखेड्याच्या पुलाला अडकतात, पाण्याची वाट अडते आणि काठच्या माणसांचा जीव टांगणीला लागतो. पुढे नांदूरमध्यमेश्वर आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर पाणथळ. तिथंही ही वेल पक्ष्यांचं पाणी झाकते.

पण कधी तिचं फूल हातात घेऊन पाहिलंय? फिकट जांभळं, वरच्या पाकळीवर मोरपिसाच्या डोळ्यासारखा पिवळा ठिपका. ही दक्षिण अमेरिकेची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली, तीही शोभेसाठी, तळ्यात सुंदर दिसते म्हणून. नंतर तिथले जलमार्ग आणि भातशेती अशी गुदमरली की 1936 मध्ये बंगालला जलपर्णीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. ज्या दोन वनस्पतींनी आपलं एवढं नुकसान केलं, त्या दोन्ही कुणाच्या तरी लाडक्या होत्या.  नावडतं झाड कुणी हौसेनं लावत नाही.

इथं आमचा कबुलीजबाब. काही वर्षांपूर्वी आम्ही गच्चीवर एका मोठ्या घंगाळात कमळं लावली आणि हौसेनं जलपर्णीची दोन रोपं सोडली. महिन्याभरात पाणी दिसेना. वैतागून घंगाळ उपडं केलं आणि सगळा पाला मागच्या नाल्यात टाकला. नाला कुठं जातो, हे नाशिककराला सांगायला नको. पुढे गोदाघाटावर उभं राहून आम्हीच म्हणत होतो, काय ही घाण, कोण टाकतं कोण जाणे!

आणि फक्त रोप टाकल्यानं नदी झाकत नाही. जलपर्णीला खायला लागतं. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद हे तिचं जेवण. दर वर्षी यंत्रं लावून वेल काढतात, काठावर ढीग लावतात, पुन्हा ती येते. येणारच. पंगत वाढलेलीच आहे. नदीत मिसळणारं सांडपाणी डोळ्याला तितकं दिसत नाही, वर तरंगणारी हिरवी चादर दिसते. त्यामुळे सगळा राग चादरीवर निघतो. वेल काढायलाच हवी, पण ती कशावर पोसली गेली हे विचारल्याशिवाय काढणं म्हणजे ताप उतरेना म्हणून थर्मामीटरवर चिडणं.

कुणी म्हणेल, म्हणजे परदेशी झाडं वाईट, देशी चांगली, असंच ना? नाही. तेही कानातून आलेलं मत आहे. आपला झेंडू मेक्सिकोकडचा. तिथं तो मृतांच्या स्मरणाच्या सणाला वाहतात, इथं दसऱ्याला तोरणात येतो. तो रान गिळायला निघालेला नाही. देवचाफाही अमेरिकेतलाच. त्याच्या नावाआधी आपण देव लावला, आणि इथल्याच सातविणीला सैतान चिकटवला. नावांचा न्याय असा असतो. सदाफुली मादागास्करची. मलयाळममध्ये तिच्या एका नावाचा अर्थ प्रेताचा वास येणारी असा होतो. आणि तिच्यातून काढलेली व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही औषधं रक्ताच्या आणि इतर कर्करोगांवर आजही देतात. उलट कोनोकार्पस पाहा. हिरवागार, छान छाटता येतो म्हणून गावोगाव लावला आणि 2023 मध्ये गुजरातला त्याच्या लागवडीवर बंदी घालावी लागली. तेव्हा जन्म कुठला हे विचारा, पण तिथंच थांबू नका. कुंपण ओलांडल्यावर ते झाड काय करतं, हा खरा प्रश्न.

आपल्या परंपरेनं हा प्रश्न अर्धा सोडवला होता. उकिरड्यावरचा धोत्रा महादेवाला चालतो. घराजवळ नको असलेल्या रुईच्या पानांची माळ शनिवारी मारुतीच्या गळ्यात असते. आणि सगळ्यांना आवडणाऱ्या सुवासिक केवड्याला मात्र शंकराच्या पिंडीवर जागा नाही, कारण कथेप्रमाणे त्यानं खोटी साक्ष दिली. या कथेकडे नीट पाहा. केवड्याला शिक्षा मिळाली ती वासाबद्दल नाही, वागण्याबद्दल. झाडाची परीक्षा त्याच्या वर्तनावरून करायची, हे या कथेला मान्य आहे. आपण कथा पाठ केली आणि कसोटी विसरलो.

कवींनीही हे काम केलं आहे. बाभळीला कोण दारात लावतं? पण वसंत बापटांनी आणि इंदिरा संतांनी, दोघांनीही बाभळीवर कविता लिहिली. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ 1956 साली आलं, तेव्हा बारा महिने आपल्या आसपास काय उगवतं आणि काय गळतं हे मराठी वाचकानं नव्यानं पाहिलं. आधी पाहायचं, मग मत द्यायचं, ही शिस्त त्या लेखनात आहे. फुलझाडांवरच्या आपल्या गप्पांत तेवढीच नाही.

शेवटचं. या शहरापासून तासाभराच्या अंतरावर अंजनेरी आहे. तिथं कंदीलपुष्पाची एक जात सापडते, तिच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे. कंदिलासारखं नळीचं फूल, छोट्या माश्यांना आत अडकवून ठेवतं आणि परागीभवन झालं की सोडतं. 2017 मध्ये अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. पण पावसाळी रविवारी तिथं जाणाऱ्या गर्दीत किती जणांना ते फूल माहीत आहे? त्याच्याबद्दल आवड नाही, नावडही नाही. ते पायाखाली जातं. नावडत्या झाडाचं निदान नाव तरी आपल्याला ठाऊक असतं.

तेव्हा घरी जाऊन एक करा. तुमच्या नावडत्या झाडाचं नाव कागदावर लिहा आणि खाली कारण लिहा. कारण वास असेल तर आणखी चार पावलं लांब लावा. कारण ‘कुणीतरी सांगितलं’ असेल तर खोडून टाका. आणि कारण ‘ते कुंपणाबाहेर जातं’ असं असेल, तर ते आवडतं असलं तरी काढा, आणि काढलेलं नाल्यात टाकू नका. हे शेवटचं वाक्य आम्ही आमच्यासाठी लिहून आणलं होतं.