रद्दीचा भाव आणि वेताळाची किंमत



आजचा विषय काहींना पोरकट वाटेल. जुनी कॉमिक्स जमवायची, विकायची, आणि त्यातल्या नायकांवर सिनेमे काढायचे, यात व्याख्यान देण्यासारखं काय आहे? आमच्या मते आहे. कारण या सगळ्या व्यवहाराच्या मुळाशी नीतिशास्त्रातला एक जुना प्रश्न आहे. वस्तूची खरी किंमत दोघांपैकी एकालाच ठाऊक असेल, तर त्याने ती दुसऱ्याला सांगावी का?

आधी आपल्याकडचा माल पाहू. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेनं १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली. आधी इंग्रजीत आणि मग मराठीसह इतर भाषांत. ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेला फँटम आपल्याकडे आला तो वेताळ होऊन. हे नाव ज्याला सुचलं त्याला दाद द्यायला हवी. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला भाविक चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजवतो, अशी श्रद्धा. इंग्रजीतला 'चालतं भूत' म्हणवणारा नायक कोकणच्या माणसाला परका वाटलाच नाही, तो यामुळे. इथे भाषांतरकारानं शब्द नुसता बदलला नाही, त्याला घर मिळवून दिलं.

१९९० मध्ये ही मालिका बंद पडली. मराठी अंकांचं पुढे काय झालं, ते आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी घडलंय. ते वाचून वाचून फाटले, शेजारी गेले, उरलेले रद्दीत गेले. वसईसारख्या खाडीकाठच्या दमट हवेत पिना गंजतात, कागद पिवळा पडतो, कसर लागते. म्हणून धडका मराठी अंक हाती लागला की संग्राहक हरखतो. त्याचा आनंद आम्हाला समजतो. अमर चित्रकथेतला अनंत पै यांचा पहिला अंक 'कृष्ण', पण त्याचा क्रमांक ११, कारण आधीचे दहा क्रमांक परदेशी परीकथांच्या कन्नड पुस्तकांचे होते. असली माहिती ज्याच्या जिभेवर असते, तो नुसता व्यापारी नसतो.

पण प्रश्न नेमका इथेच येतो, कारण माहिती हेच त्याचं भांडवल.

कल्पना करा, नालासोपाऱ्यात एक बाई माळा आवरतायत. मुलगा परदेशी, त्याच्या कॉमिक्सचा गठ्ठा किलोच्या भावानं द्यायला काढलाय. घेणाऱ्याला ठाऊक आहे की वरच्या दोन अंकांतच सगळ्या गठ्ठ्याच्या कैकपट पैसे सुटतील. तो गप्प बसला तर चोरी झाली का? कायद्यानं नाही.

सिसेरोनं इसवीसनापूर्वी ४४ मध्ये जवळपास हाच प्रश्न मांडला होता. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडलाय. एक व्यापारी धान्याचं जहाज घेऊन पोचतो. मागून आणखी जहाजं येतायत, हे त्याला माहीत आहे, बेटावरच्या लोकांना नाही. त्याने सांगावं का? डायोजिनीस म्हणतो, मालाचे दोष कायद्याला हवे तेवढे सांगितले की पुरे. अँटिपेटर म्हणतो, घेणाऱ्यापासून काहीच लपवू नये. सिसेरोचा कौल न लपवण्याकडे आहे.

कॉमिक्सच्या बाजारात ही मागून येणारी जहाजं म्हणजे सिनेमे. एखाद्या पात्रावर चित्रपट येतोय अशी कुणकुण लागली की ते पात्र पहिल्यांदा ज्या अंकात आलं, त्याचा शोध सुरू होतो. पवित्र प्रभाकर हा मुंबईचा स्पायडरमॅन २००४ मधल्या चार अंकांच्या मालिकेतला, जीवन कांग यांनी रेखाटलेला. २०२३ मध्ये तो हॉलिवूडच्या ॲनिमेशनपटात झळकला आणि तो चित्रपट आपल्याकडे मराठीतही डब होऊन आला. ज्याला बातमी आधी कळते तो घेतो आणि ज्याला कळत नाही तो विकतो.

नुसत्या भावावर नजर ठेवण्याचं पुढे काय होतं, याचा दाखला अमेरिकेत आहे. १९९१ मध्ये 'एक्स-मेन'चा नवा पहिला अंक पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह आला आणि त्याच्या ८० लाखांवर प्रती खपल्या. पुढे महाग होईल म्हणून लोकांनी तो न वाचता जपला. सगळ्यांनीच जपलेली वस्तू दुर्मीळ कशी होणार? हा फुगा फुटला, आणि इतरही कारणांनी खचलेल्या मार्व्हलनं डिसेंबर १९९६ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढे सिनेमानं तिला तारलं. २००८ मध्ये 'आयर्न मॅन' आला, २००९ मध्ये डिस्नेनं सुमारे ४ अब्ज डॉलरला कंपनी घेतली.

मात्र या हिशेबात आपण एका माणसाला विसरतो. ज्यानं ते लिहिलं, काढलं, तो कुठे आहे? जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी १९३८ मध्ये सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला दिले. दहा सेंटचा तो पहिला अंक. त्याची एक प्रत २०२४ मध्ये लिलावात ६० लाख डॉलरला गेली. कोणी म्हणेल, १९३८ मध्ये प्रकाशकाला तरी पुढचं कुठे दिसत होतं? हा आक्षेप खरा आहे. तेव्हा लपवाछपवी नव्हती. पण जहाजं बंदराला लागल्यावर सगळ्यांना दिसतात. त्यानंतर 'सौदा झालाय' एवढंच म्हणणं नीतीला पुरत नाही. १९७५ मध्ये, सुपरमॅनवर मोठा चित्रपट येऊ घातला असताना आणि वर्तमानपत्रांत बोभाटा झाल्यावर, कंपनीनं दोघांना वर्षाला प्रत्येकी २० हजार डॉलर आणि त्यांचं नाव परत दिलं. सिनेमाच्या धंद्याला नुसत्या शिव्या देऊन चालत नाही, ते यासाठी. त्याच्या झगझगाटातच हा अन्याय लोकांच्या डोळ्यांवर आला.

मग आपण काय करायचं? विकताना फाटलेलं पान, चिकटपट्टी, वाचनालयाचा शिक्का, मुलानं सोडवलेलं कोडं, पुनर्मुद्रण आहे का, हे विचारण्याआधी सांगायचं. घेताना समोरचा अजाण असेल तर त्याला भाव सांगायचा आणि मग घासाघीस करायची. आपल्या कष्टाचा नफा जरूर घ्यावा, त्याच्या अज्ञानाचा घेऊ नये.

आणि तिसरी गोष्ट. विक्रीच्या यादीत नायकाचं नाव असतं, क्रमांक असतो, किंमत असते. चित्रकाराचं नाव बहुधा नसतं. इंद्रजालची कितीतरी मुखपृष्ठं बी. गोविंद यांची आहेत. 'बहादूर' आबिद सुरतींचा. पुण्याच्या प्रताप मुळीकांनी अमर चित्रकथेचे अनेक अंक रेखाटले आणि पुढे राज कॉमिक्सच्या नागराजला सुरुवातीचं रूप दिलं. त्यांच्या हाताची रेघ आपण विकतो, तर निदान नाव लिहायला हवं. त्याला पैसा लागत नाही. तुमच्यापैकी जे कोणी जुने अंक देतात-घेतात, त्यांनी पुढची यादी करताना एवढा एक रकाना वाढवावा, ही आमची विनंती.