स्तुती नाही, निंदा नाही : गेटिसबर्ग येथील एका तोफखाना-फलकाविषयी

रणभूमीवरील स्मृतिफलक हा गद्यलेखनाचा एक प्रकार आहे, असे म्हटल्यास वाङ्मयाच्या काही अभ्यासकांस ते रुचणार नाही. तथापि ज्या लेखनास जागा मोजून मिळते, ज्याचा वाचक उभ्यानेच वाचून पुढे जातो, आणि ज्यातील शब्द एकदा धातूत ओतल्यावर सहसा बदलत नाही, त्या लेखनाचे गुणदोष तपासून पाहणे व्यर्थ ठरू नये. या दृष्टीने अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातील गेटिसबर्ग येथे उभा असलेला ‘चौथ्या तोफखान्याच्या अ तुकडीचा’ फलक येथे विचारासाठी घेतला आहे.

प्रसंग सर्वश्रुत आहे. यादवी युद्धातील गेटिसबर्गच्या लढाईचा तिसरा दिवस, ३ जुलै १८६३. दुपारी एकच्या सुमारास दक्षिणेकडील सैन्याच्या सुमारे दीडशे तोफा उत्तरेच्या फळीवर आग ओकू लागल्या. ‘अँगल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दगडी कुंपणाच्या कोपऱ्यापाशी या तुकडीच्या सहा तोफा होत्या. त्यांचा नायक लेफ्टनंट अलोन्झो कुशिंग अवघा बावीस वर्षांचा होता. खांद्यास व पोटाखाली गंभीर जखमा झाल्या असताही त्याने मागे जाण्याचे नाकारले, उरलेल्या दोन तोफा कुंपणापर्यंत पुढे नेल्या, आणि त्याचा आवाज पोहोचेना तेव्हा सार्जंट फ्रेडरिक फ्यूगर त्याला आधार देऊन त्याचे हुकूम ओरडून सांगत राहिला. शत्रू समोर येऊन ठेपला असता तोंडात गोळी लागून कुशिंग मरण पावला. तुकडीतील ६ ठार व ३२ जखमी अशी नोंद आहे.

या तुकडीस जो फलक मिळाला, तो का मिळाला हे समजल्यावाचून त्याची भाषा समजत नाही. स्वयंसेवक पलटणी ज्या त्या राज्याच्या होत्या. त्यांच्यासाठी राज्यांनी पैसा दिला, वृद्ध सैनिकांनी वर्गणी जमवली, आणि गरुड, ढाल, पुतळे अशी हौसेची स्मारके उभी राहिली. कुशिंगची तुकडी मात्र खड्या सैन्याची, म्हणजे कोणत्याच राज्याची नव्हे. अशा अनाथ तुकड्यांसाठी अखेर केंद्र सरकारने १९०७-०८ च्या सुमारास एकाच घडणीचे कांस्यफलक ग्रॅनाइटच्या शिलांवर बसविले. हे काम जॉन निकल्सन याच्या अध्यक्षतेखालील आयोगाकडे होते, आणि फलकांचा मजकूर स्तुती व निंदा दोन्ही वर्ज्य करून लिहावा असा त्या आयोगाचा दंडक होता.

या दंडकाने काय साधले ते प्रथम सांगितले पाहिजे. दल, तुकडी, तोफांचा प्रकार, दिवस, ठिकाण, हानी यांपलीकडे फलक जात नाही. वीर, अमर, पुण्यभूमी हे शब्द त्याला माहीतच नाहीत. स्मारकलेखनाचा अर्धा कंटाळा विशेषणांमुळे येतो. तो येथे नाही. शिवाय नायकांच्या जागी कुशिंगबरोबर सार्जंट फ्यूगर याचेही नाव आहे. एका साध्या सार्जंटाचे नाव लेफ्टनंटाच्या शेजारी येते, आणि त्या दुपारी अधिकाऱ्यांची काय वाताहत झाली असेल ते वाचकाच्या ध्यानात येते. कोणतेही वर्णन याहून अधिक सांगू शकले नसते. (फ्यूगरला शौर्यपदक १८९७ साली मिळाले. कुशिंगला ते मिळावयास २०१४ साल उजाडले.)

जवळच दक्षिणेचा सेनानी आर्मिस्टेड याचा लहानसा दगड आहे. तो ‘येथे पडला’, एवढेच त्यावर कोरले आहे. वस्तुतः आर्मिस्टेड येथे जखमी झाला व दोन दिवसांनी उत्तरेच्या इस्पितळात वारला. ‘पडला’ या क्रियापदाची संदिग्धता दगडाला सोयीची असते. सरकारी फलक अशी सोय घेत नाही, म्हणून तो अधिक विश्वसनीय वाटतो.

आता दुसरी बाजू. स्तुती-निंदा वर्ज्य करण्याचा नियम एका तोफखान्याच्या हालचालींना लागू करणे योग्यच. पण हाच नियम दोन्ही सैन्यांस लावला गेला. दक्षिणेच्या बाजूचा मजकूर त्याच सैन्यात लढलेल्या विल्यम रॉबिन्स या आयोगाच्या सदस्याकडे होता. ब्रिगेडांच्या फलकांत भेद राहिला तो बैठकीचा : उत्तरेची चौकोनी, दक्षिणेची गोल. युद्ध कशासाठी झाले, गुलामगिरीचा त्याच्याशी संबंध काय, यास या गद्यात स्थानच नव्हते. एखादा फलक गप्प राहिला तर तो त्याचा संयम ठरतो. परंतु १,३०० हून अधिक स्मारके व खुणा असलेल्या या रणभूमीवर तेच मौन जेव्हा सर्वत्र पसरते, तेव्हा ते मत होऊन बसते. दोन शूर पक्ष लढले, एवढाच त्याचा अर्थ उरतो. २००८ साली उघडलेले तेथील संग्रहालय गुलामगिरीविषयी स्पष्ट बोलते. फलक जसेच्या तसे आहेत, आणि ते बदलावेत असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. त्यांचे वाचन मात्र बदलले पाहिजे.

कसे, ते सांगण्यास फार दूर जावे लागत नाही. कुशिंगच्या फलकाच्या उत्तरेस, त्याच टेकडीवर, एब्राहम ब्रायन या स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकऱ्याचे सुमारे बारा एकरांचे शेत होते. दक्षिणेचे सैन्य पेन्सिल्व्हेनियात शिरले तेव्हा ते कृष्णवर्णीय लोकांना पकडून दक्षिणेकडे पाठवीत होते. ब्रायनने कुटुंबासह घर सोडले. परत आला तेव्हा कुंपणे मोडलेली, पीक तुडवलेले, घर गोळ्यांनी विंधलेले. त्याने सरकारकडे १,०२८ डॉलरांची भरपाई मागितली. त्याला १५ डॉलर मिळाले.