गरम पाण्याच्या बाटल्या

चार्ल्स डिकन्सच्या बालपणातला एक तपशील आपण जरा हातात घेऊन पाहू. साल 1824. लंडनमध्ये थेम्सच्या काठी, हंगरफर्ड स्टेअर्सजवळच्या जुनाट वखारीत, बुटांच्या पॉलिशच्या बरण्यांवर लेबले चिकटवणारा बारा वर्षांचा चार्ल्स एके दिवशी कुशीतल्या कळांनी व्याकूळ होतो. बॉब फॅगिन नावाचा, त्याच्याहून थोरला पोरगा त्याला पेंढ्यावर निजवतो आणि पॉलिशच्या रिकाम्या बाटल्यांत गरम पाणी भरभरून अर्धा दिवस त्याची कूस शेकत बसतो. संध्याकाळी या आजारी सोबत्याला एकटे घरी सोडायला बॉब तयार होत नाही. पण घर आहे कुठे? वडील मार्शलसीच्या तुरुंगात, कर्जापायी. ते सांगायचे कसे? म्हणून चार्ल्स साउथवर्क पुलाजवळच्या कुठल्याशा घराच्या पायऱ्यांवर त्याचा निरोप घेतो, आणि बॉबने मागे वळून पाहिलेच तर सोंग उघडे पडू नये म्हणून दार ठोठावून, उघडणाऱ्या बाईला विचारतो, रॉबर्ट फॅगिन इथेच राहतात का?

पुढे ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये हे नाव मिळाले ते पोरांना चोऱ्या शिकवणाऱ्या म्हाताऱ्याला. शेकणाऱ्या त्या हातांची ही कसली परतफेड, असे प्रथम वाटते खरे. पण भुकेला, दमलेला ऑलिव्हर लंडनमध्ये पाऊल टाकतो तो प्रसंग आपण पुन्हा वाचावा. विस्तवावर सॉसेज परतले जात आहेत, आणि त्याला अन्न, गरम पाण्यातली जिन आणि झोपायला जागा देणारा माणूस फॅगिनच आहे. ऊब तीच आहे. भय मात्र आता तिच्या पोटात शिरले आहे. मला वाटते, चार्ल्सला भीती होती ती बॉबच्या चांगुलपणाचीच, कारण तो पुरता स्वीकारला असता तर ती वखार आपली झाली असती, आणि आपण तिचे.

ते खोटे दारही वाया गेले नाही. ‘लिटल डॉरिट’मधली एमी आपले बिऱ्हाड कुठे आहे हे कुणाला कळू देत नाही, पण आर्थर क्लेनम तिच्या मागोमाग जातो आणि मार्शलसीच्या फाटकाशी पोहोचतो. आत तिचे वडील विल्यम डॉरिट बंदिवासातही आपली प्रतिष्ठा नेसून बसलेले असतात. 1851 मध्ये स्वतःचे वडील वारल्यानंतर चार वर्षांनी सुरू झालेल्या या कादंबरीत डिकन्सने त्यांचा पोकळ डौल असा काही रंगवला आहे की आपल्याला त्यांचा राग येतो आणि त्याच क्षणी गळाही दाटतो.

आणि त्याच वडिलांपासून आधी मिकॉबर जन्मला होता! ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मध्ये पल्लेदार वाक्ये बोलणारा, कर्जात बुडालेला, तरी उद्या काहीतरी घडेलच या विश्वासावर तरंगणारा हा गृहस्थ डेव्हिडचा बाप नाही. डेव्हिडचे वडील तर त्याच्या जन्माआधीच गेलेले. मिकॉबर केवळ घरमालक. किती नाजूक हाताने केलेली ही योजना! बापाला नात्यातून मोकळे केले, आणि जो माणूस मुलाच्या जिवाला घोर लावून गेला, त्याच्यावर आता मनमुराद हसता येऊ लागले, इतकेच काय, जीवही जडू लागला.

मला सर्वांत जास्त मोह पडतो तो मिकॉबर कुटुंबाच्या निरोपाचा. घोडागाडीत बसलेल्या मिसेस मिकॉबरचे लक्ष खाली रस्त्यावर उभ्या असलेल्या डेव्हिडकडे जाते. इतके दिवस जिने मोठ्या माणसासारखी आपली घरची गाऱ्हाणी त्याला ऐकवली, तिला एकाएकी दिसते, की हे तर एवढेसे लेकरू आहे! ती त्याला वर बोलावून गळ्याशी धरते आणि आपल्या पोटच्या पोरासारखा त्याचा मुका घेते. प्रत्यक्षात डिकन्सची आई, वडील सुटून आल्यावरही, चार्ल्सने पुन्हा वखारीत जावे असे म्हणत होती, आणि ते तो कधी विसरला नाही. हयातभर त्याने जगापासून लपवलेली ही सारी हकीकत वाचकांपुढे आली ती त्याच्या मृत्यूनंतर, मित्र फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून. म्हणजे आईने जी नजर दिली नव्हती ती त्याने कादंबरीतल्या परक्या बाईच्या डोळ्यांत ठेवली होती, आणि पहिल्या वाचकांना याचा पत्ताही नव्हता. सुटका मात्र त्याने ऐन त्या क्षणी लिहिली नाही: गाडी निघून जाते, आणि डेव्हिड मर्डस्टन अँड ग्रिन्बीच्या वखारीत बाटल्या धुवायला जातो.