टाऊची जागा

ब्रूस डील आणि अँड्र्यू ग्रोव्ह या फेअरचाइल्ड सेमीकंडक्टरमधल्या दोघांनी १९६५ साली ‘जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्स’मध्ये मांडलेलं समीकरण एका दमात म्हणता येतं: थराच्या जाडीचा वर्ग, अधिक ‘अ’ गुणिले जाडी, बरोबर ‘ब’ गुणिले काळ आणि टाऊ यांची बेरीज. वर्गसमीकरण, दहावीच्या मुलानं सोडवावं इतकं साधं.

सिलिकॉनची चकती तापलेल्या भट्टीत ऑक्सिजनमध्ये ठेवली की तिच्यावर सिलिकॉन डायऑक्साइडचा थर येतो, पण तो वाढतो तळाकडून. ऑक्सिजनला आधी झालेल्या थरातून झिरपत सिलिकॉनपर्यंत जावं लागतं. अभिक्रिया तिथे होते. म्हणजे थर जितका वाढेल तितकी पुढच्या रेणूची वाट लांबते. वायूतून पृष्ठभागावर जितका ऑक्सिजन येतो तितकाच थरातून जातो आणि तितकाच सिलिकॉनपाशी खर्च होतो, एवढ्या एका गृहीतावर सगळी मांडणी उभी आहे. थर पातळ असताना अभिक्रियेचा वेग सत्ता गाजवतो आणि जाडी काळाच्या सम प्रमाणात वाढते. थर जाड झाला की सूत्रं विसरणाकडे, म्हणजे त्या झिरपण्याकडे, जातात. दुप्पट जाडीला चौपट वेळ. दोन राज्यं, पण मधे सीमारेषा नाही.

सहगुणकही बोलके आहेत. ‘ब’ला ‘अ’नं भागल्यावर उरणाऱ्या वेगाची सक्रियण ऊर्जा सुमारे २ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे सिलिकॉन-सिलिकॉन बंध तोडायला लागणाऱ्या ऊर्जेच्या आसपास. वाफेचं उदाहरण तर फार रसाळ. १००० अंश सेल्सियसला तासाभरात कोरड्या ऑक्सिजनमध्ये साधारण ७० नॅनोमीटर थर होतो, वाफेत ४३० च्या घरात. पाण्याचा रेणू थरातून चपळाईनं पळतो म्हणून नव्हे. तो ऑक्सिजनच्या शेकडो पट अधिक विरघळतो म्हणून.

आणि टाऊ. कोरड्या ऑक्सिजनमधली सुरुवातीची वाढ या हिशेबात बसत नाही. ती जास्त वेगानं होते. नोंदींची रेषा मागे नेली तर शून्य काळाला ती शून्य जाडीवर न येता २३ नॅनोमीटरच्या आसपास येते. १००० अंशांना या तफावतीचा टाऊ ०.३७ तास, वाफेत मात्र शून्य. काहींना हे ठिगळ वाटतं. मला ती या समीकरणातली सर्वांत देखणी जागा वाटते: जे कळलं नाही त्याला एक अक्षर दिलं, त्याची किंमत मोजली आणि बाकीचं गणित बिघडू दिलं नाही. डील-ग्रोव्ह यांच्या लेखाच्या सारांशातच जुळणीची मर्यादा ३०० अँगस्ट्रॉमपासून सुरू होते, म्हणजे ३० नॅनोमीटर.

पुढे मसूद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये या पातळ प्रदेशासाठी जाडीबरोबर झपाट्यानं विरत जाणारं जादा पद जोडलं. उपयोगी, पण मूळचा घाट त्यानं जातो. गंमत अशी की ग्रोव्ह पुढे ज्या इंटेलचे प्रमुख झाले, तिच्या ९० नॅनोमीटर पिढीच्या ट्रान्झिस्टरमधला गेट ऑक्साइड होता १.२ नॅनोमीटर. तो सबंध टाऊच्याच हद्दीत.