पीआरटी: 0 की 1?
उपकरणाच्या इंटरप्ट पिना कुठे जोडल्यात, हे फर्मवेअर ऑपरेटिंग सिस्टिमला पीआरटी तक्त्यातून सांगतं. एसीपीआय स्पेसिफिकेशनमधलं त्याचं वर्णन चोख आहे, पण नवख्याला फसवतं. इथे आयएनटीए पिन म्हणजे 0. पीसीआयच्या इंटरप्ट पिन रजिस्टरमध्ये तीच 1. स्पेसिफिकेशन आकडा देतं आणि पुढे जातं.

मी रजिस्टरचा आकडा तसाच तक्त्यात उचलला. मशीन बूट झालं, नेटवर्कही चाललं! (आनंदाचा चहासुद्धा झाला.) कारण कार्ड एमएसआय वापरत होतं, म्हणजे पिनेऐवजी मेमरीत लिहून इंटरप्ट पाठवत होतं. तक्ता तपासला गेलाच नव्हता. लिनक्समध्ये एमएसआय बंद करून बूट केलं, तर कार्ड मुकं. तुम्ही ‘राउटिंग तपासलं’ असं लिहिण्याआधी एकदा तसं बूट करून बघाच.