मांडूचे स्थापत्य आणि रूपमतीची आख्यायिका : एक पुनर्विचार

प्रास्ताविक

विंध्य पर्वताच्या दक्षिण कडेवर, समुद्रसपाटीपासून ६०० मीटरहून अधिक उंचीवर वसलेले मांडू मराठी वाचकांना मांडवगड या नावाने परिचित आहे. परमारकालीन दुर्ग असलेल्या या स्थळाला होशंगशाहने (१४०६–१४३५) माळव्याच्या सल्तनतीची राजधानी केले. पुढे खलजी सुलतानांच्या काळात त्याचा उत्कर्ष झाला. तथापि मांडूविषयीचे बहुतांश लोकप्रिय लेखन बाजबहादूर आणि रूपमती यांच्या प्रेमकथेभोवतीच फिरते. या कथेच्या प्रकाशात वास्तूंकडे पाहिल्याने त्यांचा काळ, कर्ता आणि प्रयोजन या तिन्ही गोष्टी झाकल्या जातात.

वास्तूंची साक्ष

'बाजबहादूरचा महाल' हे याचे ठळक उदाहरण होय. या महालातील फार्सी शिलालेखानुसार त्याचे बांधकाम नासिरुद्दीन खलजीने १५०८–०९ मध्ये केले. बाजबहादूर १५५५ च्या सुमारास सत्तेवर आला. म्हणजेच त्याच्या नावाने ओळखला जाणारा महाल त्याच्या राज्यारोहणापूर्वी सुमारे अर्धे शतक उभा होता. 'रूपमती मंडप' या वास्तूचीही तीच कथा आहे. तिची रचना किमान तीन टप्प्यांत झालेली दिसते. मूळची बुटकी, भक्कम वास्तू निमाडच्या मैदानावर नजर ठेवणारी लष्करी चौकी होती. आज लक्ष वेधून घेणाऱ्या घुमटाकार छत्र्या नंतरच्या आहेत. नर्मदेच्या दर्शनासाठी हा मंडप उभारला, ही समजूत त्यामुळे टिकत नाही. राणी तेथे येत असेलही. परंतु वास्तूचे प्रयोजन त्यावरून ठरत नाही.

पाण्याचे कलाशास्त्र

मांडूची खरी समस्या पाण्याची होती. पठारावर बारमाही नदी नाही. पावसाचे पाणी अडविणे आणि साठविणे हाच उपाय होता. मंडपाच्या तळभागातही पावसाचे पाणी साठविण्याची सोय आहे. मुंज आणि कपूर या तलावांमधील, सुमारे १२० मीटर लांबीचा जहाज महाल या दृष्टीने पाहिला पाहिजे. तेथील वळणावळणाची पन्हळ हे निव्वळ अलंकरण नव्हे. वाहत्या पाण्याची गती मंदावणे आणि त्याला दृश्यरूप देणे, ही दोन्ही कार्ये ती एकाच वेळी करते. चंपा बावडी आणि रेवा कुंड यांतही उपयुक्तता व सौंदर्य यांची अशीच फारकत न होणारी सांगड आढळते. मांडूच्या कलेचे वैशिष्ट्य या सांगडीत आहे, विलासाच्या वर्णनांत नाही.

आख्यायिकेचे स्थान

याचा अर्थ आख्यायिका टाकाऊ आहे असा नव्हे. १५६१ मध्ये अधम खानाच्या मोगल सैन्याने बाजबहादूरचा पराभव केला, आणि अहमद-उल-उमरीने ही कथा १५९९ मध्ये फार्सीत लिहिली. एल. एम. क्रम्प यांचा इंग्रजी अनुवाद १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून ही कथा सल्तनतीच्या अस्तानंतरच्या स्मृतीचे मोलाचे साधन आहे. स्थापत्याचा पुरावा मात्र नाही. साधनांतील हा भेद न पाळल्यास, ज्याच्या कारकीर्दीत 'निमतनामा' हा सचित्र पाककलाग्रंथ पूर्णत्वास गेला, तो नासिरुद्दीन स्वतःच्याच महालातून नाहीसा होतो. त्याच्यासोबत अनाम गवंडी आणि पाथरवट यांचे जलज्ञानही विस्मृतीत जाते.

समारोप

वास्तूला दिलेले नाव आणि वास्तूचा इतिहास यांत अंतर असू शकते, हे मांडूच्या अभ्यासातून स्पष्ट होते. शैक्षणिक सहलीत विद्यार्थ्यांना प्रेमकथा अवश्य सांगावी. परंतु त्याआधी शिलालेखाचे वर्ष वाचून दाखवावे आणि पन्हळीचा उतार कोणत्या हौदाकडे जातो हे शोधावयास लावावे. रूपमतीची कथा त्यामुळे लहान होणार नाही, आणि मांडूचे स्थापत्य तिच्या सावलीतून बाहेर येईल.